लॅम्प्स आणि मशीन लर्निंग पोटेन्शियल: सोलापुरात घरच्या पीसीवर सहा महिने वापरून लिहितोय

लॅम्प्स म्हणजे धातूतले अणू कसे हलतात ते कॉम्प्युटरवर पळवून बघायचं सॉफ्टवेअर, आणि पोटेन्शियल म्हणजे त्या अणूंमधली ऊर्जा आणि बल सांगणारं सूत्र किंवा मॉडेल. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात पहिला रन लावला होता, आता पाऊस सुरू झालाय, म्हणजे सहा महिने होत आले, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही. मी काही संशोधन संस्थेत नाही. केगावच्या विद्यापीठातून फिजिक्समध्ये एमएस्सी केलं, सध्या अकरावी-बारावीला शिकवतो आणि रात्री हे करतो. मराठीत कुणी या सॉफ्टवेअरबद्दल वापरून लिहिलेलं मला सापडलं नाही, आणि जे इंग्रजीत आहे ते सगळं मोठ्या सुपरकॉम्प्युटरवाल्यांनी लिहिलेलं, त्यामुळं आपल्यासारख्यानं घरात बसून हे जमतं का, याचं उत्तर मलाच शोधावं लागलं. जमतं. पाचपैकी साडेचार स्टार देतो, अर्धा का कापला ते पुढं येईल.

आधी काम काय ते सांगतो. फ्युजन रिॲक्टरमध्ये ड्युटेरियम आणि ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचेच दोन जड भाऊ, एकमेकांत मिसळून हेलियम बनतो आणि ऊर्जा मिळते. फ्रान्समध्ये कादाराशला आयटर हा अनेक देशांचा मिळून प्रायोगिक फ्युजन रिॲक्टर उभा राहतोय, भारत त्यात २००५ पासून आहे, त्याचा भलामोठा क्रायोस्टॅट, म्हणजे रिॲक्टरभोवतीचं निर्वात भांडं, आपल्याकडं हजिऱ्याला बनला, गांधीनगरच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चकडं भारताच्या वाट्याचं काम आहे. आतला प्लाझ्मा, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटलेला तापलेला गॅस, १५ कोटी अंश सेल्सिअसचा, तो चुंबकानं अधांतरी धरून ठेवतात हे सगळे सांगतात, पण भिंतीचं कुणी फारसं सांगत नाही. भिंत शेवटी धातूचीच आहे. खालच्या बाजूला डायव्हर्टर म्हणून भाग असतो, त्यावर दर चौरस मीटरला १० मेगावॅट उष्णता सतत पडणार. आपली साधी सिंगल चादर ६० बाय ९० इंचाची असते, म्हणजे साडेतीन चौरस मीटरच्या आसपास. तेवढी चादर अंथरली तर तिच्यावर ३५ मेगावॅट. म्हणून तिथं टंगस्टन लावतात, सगळ्या धातूंत सर्वांत उशिरा वितळणारा, ३४२२ अंशाला. आयटरनं तर २०२३ मध्ये आतल्या मुख्य भिंतीलाही बेरिलियमऐवजी टंगस्टनच लावायचं ठरवलं.

आता त्या भिंतीवर नुसती उष्णता येत नाही, हायड्रोजनही येऊन आदळतो आणि आत शिरतो. ट्रिटियम किरणोत्सारी आहे, १२.३ वर्षांत निम्मा होतो, निसर्गात जवळजवळ मिळत नाही. तो भिंतीत मुरून बसला तर इंधन वाया जातं आणि सुरक्षेचाही प्रश्न येतो, आयटरला आत साठलेल्या ट्रिटियमसाठी ७०० ग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. इंग्लंडच्या जेट या प्रायोगिक फ्युजन रिॲक्टरमध्ये आधी कार्बनच्या फरश्या होत्या, त्यात इंधन इतकं मुरायचं की २०११ मध्ये आतली भिंत बदलून टंगस्टन आणि बेरिलियमची केली, तेव्हा कुठं मुरणं दहापटीनं आणि त्याहून जास्त कमी झालं. म्हणजे एक अणू धातूत कुठं बसतो, किती वेळ बसतो आणि कधी निघतो, एवढ्या बारीक प्रश्नावर पूर्ण रिॲक्टर अडून राहू शकतो, आणि मला यातलं हेच आवडतं.

आमच्या घरी पूर्वी चार लूम होते, आप्पा अजूनही एमआयडीसीत एका कारखान्यात जातात. त्यांना स्क्रीनवर टंगस्टनची जाळी दाखवली, मधला एक अणू काढलेला आणि तिथं हायड्रोजन येऊन अडकलेला. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "हे तर ताण्यातला धागा तुटल्यावाणी झालंय की रे. तिथं जागा झाली की कापसाचा बारीक कचरा तिथंच येऊन बसतंय, बाकी कापडावर थांबत नाही बघ." मी एमएस्सीला दोन वर्षं जे वाचलं ते आप्पांनी एका वाक्यात सांगितलं. चांगल्या, सलग टंगस्टनला हायड्रोजन आवडतच नाही, आत शिरायला त्याला साधारण १ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) मोजावे लागतात आणि शिरलाच तर फार थांबत नाही, चार अणूंच्या मधल्या चतुष्फलकी पोकळीतून सुळकन पुढं जातो. पण अणू निघालेली रिकामी जागा मिळाली की तिथं बसतो, एकटा नाही, एकामागून एक पाच-सहा जण बसतात. आणि फ्युजनमधले १४.१ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टचे न्यूट्रॉन रोज अशा रिकाम्या जागा करतच राहणार.

हे सगळं कॉम्प्युटरवर बघायचं तर तीन रस्ते. पहिला डीएफटी, म्हणजे इलेक्ट्रॉनपासून क्वांटम गणित. उत्तर भरवशाचं, पण शंभर-दोनशे अणूंच्या पुढं घरच्या मशीनचा जीव जातो, कारण अणू दुप्पट केले की काम साधारण आठपट होतं. दुसरा रस्ता जुना, हातानं लिहिलेलं सूत्र. लाखो अणू पळवा, पटापट होतं, पण सूत्राचा आकार माणसानं आधीच ठरवलेला, त्यामुळं सलग धातूत बरोबर आणि रिकाम्या जागेजवळ किंवा पृष्ठभागावर चूक असं होत राहतं. तिसरा म्हणजे मशीन लर्निंग. डीएफटीनं हजारो लहान लहान नमुने सोडवायचे, प्रत्येक अणूभोवती शेजारी कसे बसलेत त्यावरून ऊर्जा आणि बल किती हे मॉडेलला शिकवायचं, आणि मग डीएफटी न करता हेच मॉडेल हजारो अणूंना वापरायचं. बेहलर आणि पारिनेलो या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये न्यूरल नेटवर्कनं हे करून दाखवलं, २०१० मध्ये गॅप नावाचं मॉडेल आलं, मग स्नॅप नावाचं आलं, आता ग्राफ न्यूरल नेटवर्कवाली मॉडेल्स आहेत. लॅम्प्स हे त्या सगळ्यांना चालवणारं इंजिन. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेतून ते आलं, नव्वदच्या दशकापासून आहे, फुकट आहे, कोड उघडा आहे. बलं तुमचं मॉडेल देतं, अणू एकेक छोट्या स्टेपनं पुढं सरकवायचं काम लॅम्प्स करतं. टीव्हीला जसा रिमोट तशी याला एक टेक्स्ट फाईल लिहायची, वीस-पंचवीस ओळी, बस्स.

मशीनबद्दल सांगतो कारण सगळे तेच विचारतात. नवी पेठेतल्या एका दुकानातून असेंबल करून घेतलं, १२ जीबीचं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम. मालक म्हणाले, "काय सर, गेमिंगला का?" मी म्हणालो धातूत हायड्रोजन कसा फिरतो ते बघायचंय, तर त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि अर्धा तास विचारत बसले, सामान दाखवायचं राहूनच गेलं. माणूस चांगला. फक्त कॅबिनेटला मागं एकच पंखा लावून दिला, जानेवारीत काही कळलं नाही, एप्रिल उजाडला आणि खोलीतच ३९-४० अंश व्हायला लागलं तेव्हा कार्ड ८४ अंशावर जाऊन स्वतःच वेग कमी करायला लागलं, रात्रीत निम्मंच काम व्हायचं. मी परत घेऊन गेलो तर पुढं दोन पंखे बसवून दिले, पंख्यांचेच पैसे घेतले, मजुरी नाही घेतली. सोलापुरात घेत असाल तर पहिल्या दिवसापासून तीन पंखे सांगा, आणि मशीन पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. मेमध्ये मी रन फक्त रात्री दहा ते सकाळी सहा लावायचो, छताचा पंखा पूर्ण आणि खिडकी उघडी.

लाईटीचं दुसरं. नळाला पाणी यायच्या दिवशी गल्लीत सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज पडतं आणि मशीन रिस्टार्ट. पहिल्यांदा झालं तेव्हा एकोणीस तासांचा रन गेला, खरंच वाईट वाटलं. लॅम्प्समध्ये रिस्टार्ट म्हणून एक कमांड आहे, दर अमुक स्टेपला सगळ्या अणूंची जागा आणि वेग फाईलमध्ये उतरवून ठेवतं आणि नंतर तिथूनच पुढं सुरू करता येतं. मी दर १० हजार स्टेपला ठेवलंय. त्यानंतर लाईट कितीदा गेली मोजलं नाही, एकदाही अर्ध्या तासाच्या वर नुकसान नाही. यूपीएस घ्याच पण ही ओळ यूपीएसच्या आधी. बिलाचं म्हणाल तर मशीन चोवीस तास चाललं तर दिवसाला साधारण ६ युनिट.

इन्स्टॉल करायला उबुंटू असेल तर त्रास नाही, साधं लॅम्प्स दहा मिनिटांत येतं. मशीन लर्निंगचा भाग ग्राफिक्स कार्डवर चालवायचा तर मात्र कोडवरून बांधून घ्यावं लागतं, ड्रायव्हर, कुडा, पायटॉर्च यांची व्हर्जन एकमेकांना जुळली पाहिजेत, माझा एक पूर्ण रविवार त्यात गेला. मॅन्युअल मात्र फार नेटकं आहे, प्रत्येक कमांडला उदाहरण आणि कुठं काय लागू होत नाही तेही लिहिलेलं. इंग्रजी कच्चं असलेल्या विद्यार्थ्यालाही उदाहरणावरून कळतं, मी आमच्या दोन पोरांना बसवून बघितलं.

पहिला खरा रन असा: टंगस्टनचे १० बाय १० बाय १० घन, म्हणजे २००० अणू, बाजू जेमतेम ३.२ नॅनोमीटर. त्यात एक हायड्रोजन सोडला. स्टेप अर्ध्या फेमटोसेकंदाची (फेमटोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग, आणि नॅनोसेकंद सेकंदाचा अब्जावा), हायड्रोजन हलका असल्यामुळं जास्त मोठी चालत नाही. एक नॅनोसेकंद बघायला २० लाख स्टेप लागतात, माझ्या कार्डवर दीड दिवस. वेगवेगळ्या तापमानाला हे केलं, प्रत्येक वेळी हायड्रोजन सुरुवातीच्या जागेपासून किती लांब गेला ते मोजलं, त्याच्या वर्गाची सरासरी काढली, त्याचा लॉगरिदम आणि १/तापमान यांचा आलेख काढला आणि उतारावरून अडथळा, म्हणजे एका पोकळीतून पुढच्या पोकळीत जायला लागणारी ऊर्जा, काढला. ०.२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळ आला. डीएफटीही तेवढाच सांगतं. १९६९ मध्ये फ्राउएनफेल्डर यांनी प्रयोगातून ०.३९ काढला होता आणि वर्षानुवर्षं तोच आकडा सगळे वापरत होते, पण त्या मोजमापातला फक्त जास्त तापमानाचा भाग घेतला तर तो ०.२५ च्या आसपास येतो, कारण खालच्या तापमानाला धातूतले सापळे हायड्रोजनला अडवतात आणि तो आहे त्यापेक्षा हळू वाटतो. हे वाचलेलं होतं, पण नवी पेठेतल्या मशीनवर, वरच्या खोलीत, आपल्या हातानं काढलेल्या सरळ रेषेत ते दिसलं त्या रात्री मी दोन वाजता आईला उठवून दाखवलं. आई म्हणाली, "रेघ छान आलीय, आता झोप."

ट्रिटियमसाठी तोच रन करायचा तर फाईलमध्ये वस्तुमान १.००८ च्या जागी ३.०१६ लिहायचं, बाकी काही बदलायचं नाही, बलं तीच राहतात. एका ओळीत किरणोत्सारी पदार्थाचा प्रयोग होतो, घरात, काही धोका नाही. खालच्या तापमानाला हायड्रोजनचे क्वांटम परिणाम यात येत नाहीत हे ध्यानात ठेवा, पण भिंत गरम असते तेव्हा चालतं.

आता अर्धा स्टार. मार्चमध्ये मी एक तयार पोटेन्शियल उतरवून घेतलं, कुणाचं ते लिहीत नाही, कारण चूक पोटेन्शियलची नव्हती, ते जिथं वापरायचं नाही तिथं मी वापरलं. एकमेकांना लागून दोन अणू काढले, त्या पोकळीत बारा हायड्रोजन ठेवले, १५०० केल्विनला सोडलं. आठ हजार स्टेपपर्यंत सगळं शांत. मग तापमानाच्या रकान्यात १५१२, १४९८, १५३०, आणि पुढच्या ओळीत एकदम ४६ हजार, त्याच्या पुढं "लॉस्ट ॲटम्स" आणि रन बंद. शेवटच्या फ्रेम्स एकेक करून बघितल्या तर दोन हायड्रोजन हळूहळू जवळ येत होते, ०.७४ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) हे हायड्रोजन रेणूतलं अंतर, तिथं थांबायला हवं होतं, ते ०.५ वर आले, ०.३ वर आले, मॉडेलला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट ऊर्जा कमी कमी दाखवत गेलं. कारण त्याला शिकवलेल्या नमुन्यांत इतके हायड्रोजन एका जागी कधी नव्हतेच. जे पाहिलं नाही त्याबद्दल मॉडेल गप्प बसत नाही, तेवढ्याच ठामपणे आकडा देतं. आणि लॅम्प्स तो आकडा घेऊन पुढं चालतं, विचारत नाही. या दोघांच्या मध्ये एक सूचना देणारी सोय सुरुवातीलाच, न शोधता मिळायला हवी होती असं मला वाटतं, अर्धा स्टार त्याचा.

उपाय आहे. एकाच नमुन्यांवर चार मॉडेल वेगवेगळी शिकवायची, चौघांना विचारत राहायचं, आणि चौघांची उत्तरं फाकायला लागली की थांबायचं, तो नमुना उचलायचा, डीएफटीनं सोडवायचा, शिकवणीत टाकायचा, परत शिकवायचं. मी क्वांटम एस्प्रेसो या डीएफटी करणाऱ्या सॉफ्टवेअरवर असे चाळीस नमुने सोडवले, ५४ अणूंच्या लहान पेटीत, एकेकाला तीन-साडेतीन तास, दोन आठवड्यांच्या रात्री गेल्या. त्यानंतर परत रन लावले आणि जे दिसलं ते मी कुठल्याही चित्रात इतकं स्पष्ट पाहिलं नव्हतं: एका अणूच्या रिकाम्या जागेत हायड्रोजन मधोमध बसत नाहीत, रेणूही बनवत नाहीत, पोकळीच्या कडेला, आतल्या भिंतीला चिकटून, एकमेकांपासून अंतर राखून बसतात. पोकळी मोठी करत गेलं की कडेच्या जागा भरतात आणि मग मध्ये रेणू सुटा फिरायला लागतो. टंगस्टनवर जे फोड येतात ते याच गॅसच्या दाबानं.

आणखी एक गोष्ट सॉफ्टवेअर घेण्याआधी समजून घ्या, नाहीतर अपेक्षा चुकतील. मशीन लर्निंगनं बलं काढणं स्वस्त झालं, काळ स्वस्त झाला नाही. रिकाम्या जागेत बसलेल्या पहिल्या हायड्रोजनला बाहेर पडायला साधारण १.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, १.२ सुटायला आणि ०.२ पुढं सरकायला. तो सेकंदाला एकावर तेरा शून्य एवढ्या वेळा धडक मारतो असं धरून हिशोब केला तर १००० केल्विनला तो एका मायक्रोसेकंदाच्या आसपास सुटतो. खोलीच्या तापमानाला हाच हिशोब हजार वर्षांच्या घरात जातो. मी वहीवर तीनदा करून बघितला. माझं मशीन दीड दिवसात एक नॅनोसेकंद बघतं, म्हणजे थंड भिंतीतला हायड्रोजन सुटताना मी कधीच बघणार नाही, आणि कितीही मोठं मशीन आणलं तरी सरळ रस्त्यानं कुणीच बघणार नाही. त्यासाठी इथून अडथळ्यांचे आकडे काढायचे आणि कायनेटिक मोंटे कार्लोसारख्या पुढच्या पायरीला द्यायचे, तिथं सेकंद, तास, महिने चालतात. लॅम्प्स त्या साखळीची एक कडी आहे. पण मला विचाराल तर भिंत गरम करून ट्रिटियम बाहेर काढतात ते का काढता येतं, हे या हजार वर्षं आणि एका मायक्रोसेकंदाच्या फरकानं जेवढं समजलं तेवढं पुस्तकातनं समजलं नव्हतं.

कुणी घ्यावं? फिजिक्स, केमिस्ट्री, मेटलर्जीच्या पोरांनी नक्की. ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्नॅप साध्या प्रोसेसरवर चालतं, हळू चालतं पण चालतं, कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर मी १२८ अणूंचा रन करून दाखवलाय. पायथन थोडं यावं, लिनक्सची भीती नसावी. पैसे फक्त मशीनचे आणि लाईटीचे. मदत लागली तर जगभरातले लोक उत्तर देतात, मी एक अगदी प्राथमिक प्रश्न विचारला होता, दुसऱ्या दिवशी सविस्तर उत्तर होतं, कुणी हिणवलं नाही.

सध्या पृष्ठभागाचा रन चालू आहे, टंगस्टनच्या (११०) पृष्ठावर, म्हणजे जाळी एका ठरावीक दिशेनं कापल्यावर मिळणाऱ्या पृष्ठावर, हायड्रोजनचा रेणू येऊन फुटतो आणि दोन अणू वेगळे होऊन आत जायची वाट शोधतात, १२ लाखांपैकी साडेसात लाख स्टेप झाल्यात. रविवारी विद्यापीठाच्या हॉस्टेलमधला एक विद्यार्थी पेनड्राईव्ह घेऊन येणार आहे, त्याला माझ्या सगळ्या इनपुट फाईल्स आणि ते चाळीस नमुने हवेत. आईनं त्याच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगा चटणी करायचं आत्ताच ठरवलंय.